बोर्ड बदलायला किती लागते जी?

आत्याबाई चैत्रापासून म्हणत होत्या, "सांजच्यानं कूलरले हात लावला का मुंग्या येते वं." मी फार मनावर घेतलं नाही. सांजेला अंगणात सडा पडतो, आपण ओल्या पायानं सपरीत येतो, कूलरचं अंग पत्र्याचं आणि पोटात पाणी. थोड्या मुंग्या कूलरसोबत फुकट येतात, असं आमच्याकडे सगळेच धरून चालतात. हात लावायचा तर उलटा टेकवून पाहायचा, पाणी भरायचं तर लाकडी पाटावर उभं राहून, एवढीच काय ती खबरदारी. कूलरचा शॉक लागून माणूस गेल्याची बातमी विदर्भातल्या पेपरात दर उन्हाळ्यात असते. ती वाचून आपण पान उलटतो आणि सोयाबीनचा भाव पाहतो.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मात्र मेन बोर्डातून जळका वास आला. दुपारची वेळ, दोन्ही कूलर सुरू, मी इस्त्री लावलेली आणि तेवढ्यात ह्यांनी टाकीची मोटर टाकली. बोर्डातून 'चर्रर्र' आवाज आला आणि लाईन गेली. शेजारी मात्र टीव्ही सुरूच होता, म्हणजे गेली ती फक्त आमची.

आमचं घर आर्वी तालुक्यातलं, वर्धा जिल्हा. पुढचा भाग मातीचा आणि कवेलूचा, मागच्या दोन खोल्यांवर २००८ साली स्लॅब टाकला. लाईट मामंजींनी १९८६ साली घेतली, आणि बोर्ड त्याच सालचा: एक सागवानी फळी, तिच्यावर लोखंडी डब्याचा मेन स्विच, खाली पांढऱ्या चिनी मातीचे तीन किटकॅट, म्हणजे फ्यूजची तार अडकवायचे ठोकळे. पुढं जसजसं घर वाढलं तसतसा त्या फळीवर कोणी एक स्विच ठोकला, कोणी एक होल्डर. मी मेन पाडून मधला किटकॅट उपसला. पांढरी चिनी माती एका बाजूनं पार काळी पडली होती. आत फ्यूजची तार नव्हतीच. कुठल्या तरी वायरीतले तांब्याचे चार-पाच केस पीळ मारून अडकवलेले. फ्यूजनं वितळायचं असतं, ही तार वितळणारी नव्हती. तिच्याऐवजी पितळेचा चिमटा तापून निळा पडला होता आणि त्याच्यामागची वायर बोटानं दाबली तर पापडासारखी चुरली.

घरचा हिशेब माझ्या वहीत असतो. तुरीचे पैसे आले होते, सोयाबीनचं बियाणं जूनमध्ये घ्यायचं होतं. मधल्या फटीत किती बसतं ते पाहायचं ठरवलं.

पहिला अंदाज आमच्या गावच्या वायरमननं दिला. तो सकाळीच आला, बोर्डाकडे एक नजर टाकली, तंबाखू मळता मळता म्हणाला, "वहिनी, चार हजारात मोकळं करून देतो. नवा डबा, चार एमसीबी, मजुरी त्यातच." एमसीबी म्हणजे भार जास्त झाला की आपोआप पडणारा खटका, किटकॅटच्या जागी बसतो. मी विचारलं, चारच का? "मंग किती पाह्यजे? एक पुढं, एक मागं, एक मोटर, एक जास्तीची." आणि कूलरच्या मुंग्या? "थे कूलरचं हाये, बोर्डाचं नाई." शॉक लागला की लाईन पाडणारं एक यंत्र असतं म्हणतात, ते? "ईएलसीबी? कायले लावता? थे पडतच राह्यते. लोकं लावते अन् मंग मलेच बोलावते काढाले."

हा माणूस वाईट नाही. अर्ध्या रात्री पावसात फोन केला तरी येतो, पैसे हंगामावर घेतो. पण चार हजारांत काय काय येतं हे त्यानं कागदावर लिहिलं नाही, आणि माझ्या वहीत कागदाशिवायची रक्कम चढत नाही.

दुसरा अंदाज आर्वीच्या दुकानातून. तिथं माझी फजिती झाली. आमच्या गावात डीपी म्हणजे चौकातलं ट्रान्सफॉर्मर, जळलं की आठ-आठ दिवस वावरातल्या मोटरी बंद. मी काउंटरवर सांगितलं, "घरची डीपी बदलायची आहे." दुकानदारानं चष्म्यावरून पाहिलं. "घरची? किती केव्हीएची?" मग त्यानंच समजावलं. भिंतीवरचा डबा म्हणजे डीबी, डिस्ट्रिब्युशन बोर्ड. त्यातला मुख्य खटका डबल पोल, म्हणजे करंट आणणारी फेज आणि तो परत नेणारं न्यूट्रल, दोन्ही एका झटक्यात तोडणारा. दुकानाच्या भाषेत डीपी तो. माझ्या वहीत त्या दिवशी तीन डीपी लिहून दोन खोडलेल्या आहेत.

दुकानदारानं छापील कागदावर लिहून दिलं: बारा खटक्यांचा दोन दारांचा डबा, एमसीबी ८ नग, आरसीसीबी (वायरमन जिला ईएलसीबी म्हणाला ती) १ नग, वायर, पट्टी, एकूण ९,८५०, जीएसटी धरून. खाली शिक्का: भाव सात दिवसांपुरता. सातच दिवस का, तर तांबं. तांब्याचा भाव वर गेला की वायरीचं बंडल मागोमाग वर जातं. कागद छान होता. पण घरी येऊन वाचल्यावर कळलं की 'एमसीबी ८ नग' म्हणजे कशाच्या, सहा अँपियरच्या का बत्तीसच्या, ते लिहिलेलंच नाही. वायर किती जाडीची, तेही नाही. पेरणीच्या यादीत नुसतं 'बियाणं ४ पिशव्या' लिहावं, तसं.

मग मी स्वतःच बसले. प्रत्येक यंत्राच्या मागचं लेबल पुसून वॅट उतरवले. दोन कूलर ४००, पाच पंखे ३७५, फ्रिज २००, मिक्सर ७५०, इस्त्री १०००, एक एचपीची मोटर ७४६ लिहिलेली पण ओढते हजाराच्या आसपास, हिवाळ्यातला पाण्याचा रॉड १५००, टीव्ही १००, बल्ब सगळे मिळून १०८. बेरीज ५,४३३ वॅट. सगळं एकदम कधीच चालत नाही. लाईन गेली त्या दुपारसारखी वेळ धरली, त्यात मिक्सरही टाकला, तर ३,७२५ येतात. त्याला २३० नं भागलं की साधारण १६ अँपियर. हे आकडे दुपारच्या झोपेच्या वेळात काढले, काही अवघड नाही. गंमत बिलात होती. महावितरणच्या बिलावर मंजूर भाराच्या रकान्यात १ किलोवॅट. मामंजींनी लाईट घेतली तेव्हा घरात चार बल्ब आणि एक रेडिओ होता, आणि तो आकडा अजून तिथंच बसून होता.

तिसरा माणूस मग शोधावाच लागला, कारण भार वाढवायला अर्जासोबत परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो. भाचीच्या सासरकडून एकाचा नंबर मिळाला. त्यांनी फोनवर आकडा सांगायला साफ नकार दिला. "ताई, घर पाहिल्याशिवाय सांगितलं तर तो अंदाज नाही, भविष्य झालं. येण्याचे तीनशे घेईन, काम दिलं तर वजा करीन." मला ते तीनशे तेव्हा टोचले. ह्यांना तर फारच टोचले.

ते आले तेव्हा सांजचे सात वाजून गेले होते. दिवाबत्ती झालेली, आत्याबाई तुळशीपाशी. ठेकेदारांनी आधी बोर्ड पाहिलाच नाही. सपरीत कूलरच्या सॉकेटपाशी बसले, हातातल्या व्होल्ट मोजायच्या मीटरची एक काडी वरच्या जाड भोकात घातली, दुसरी न्यूट्रलमध्ये. वरचं जाड भोक अर्थिंगचं. तिथं शून्य किंवा दोन-चार व्होल्ट यायला हवेत. मीटरवर ४६ आले. त्यांनी काड्या काढल्या, पुसल्या, परत घातल्या. ४६. "आजी बरोबर म्हणतात," एवढंच बोलले. अर्थिंगची वायर म्हणजे अंगात आलेला करंट जमिनीत नेऊन सोडणारी, आणि आमच्याकडे तीच कूलरच्या पत्र्याला करंट आणून देत होती.

"आला कुठून?" ह्यांनी विचारलं. "ते उद्या दिवसा लाईन बंद करून पाहू. पण अर्थिंग मेलेलं आहे हे आताच सांगतो." बॅटरी घेऊन ते विहिरीकडच्या बाजूला गेले. तिथं १९८६ चा पाईप जमिनीतून वीतभर वर आलेला, गंजून चाळणी झालेला, आणि त्याच्या भोवती काळ्या मातीला एवढी भेग की माझा हात मनगटापर्यंत आत गेला. आपली काळी माती ओली असली की अर्थिंगला सोनं. पण एप्रिल-मे मध्ये ती आटते, आणि पाईपाला सोडून दूर सरकते. पाईप जमिनीत असून अधांतरी.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता ते परत आले. लाईन बंद करून प्रत्येक सर्किटला मेगर मारला. मेगर म्हणजे हातात धरायचं यंत्र, वायरीवर ५०० व्होल्ट सोडून तिची कातडी शाबूत आहे का ते पाहतं. लाईट-पंख्यांच्या वायरी पास झाल्या. पॉवरच्या, म्हणजे कूलर, फ्रिज, मोटर, इस्त्रीच्या, नापास. मग लाईन सुरू करून त्यांनी पुन्हा त्या जाड भोकात काडी घातली, तर फक्त ३ व्होल्ट. कालचे ४६ कुठं गेले? ते डोकं खाजवत उभे राहिले. "काल व्होल्टेज काही वेगळं असेल," म्हणाले, पण स्वतःलाच न पटल्यासारखं. मी वहीत लिहून ठेवलं: सांजेला ४६, दिवसा ३.

अंदाजाचा कागद दोन दिवसांनी आला, दोन पानी, प्रत्येक नगापुढं जाडी, अँपियर आणि दर, जीएसटी दरातच धरलेला. तो मी वहीत जसाच्या तसा उतरवला. डबा १,६५०. ३२ अँपियरची डबल पोल एमसीबी ७८०. आरसीसीबी, ४० अँपियर, ३० मिलीअँपियर, २,१५०. आठ एमसीबी १९० प्रमाणे १,५२०. झाले ६,१००. इथवर बोर्ड संपला. पुढं मीटरपासून डब्यापर्यंत सहा चौरस मिलिमीटरची वायर १८ मीटर, १,६२०. अर्थिंग: पाईप १,६००, कोळसा आणि मीठ ५००, जाड जीआय तार ७००, वरचं झाकण ३५०, खड्डा खोदायची मजुरी ८००, मिळून ३,९५०. पॉवरसाठी अडीचच्या वायरीची दोन बंडलं ६,८००, दीडची दोन, त्यात एक हिरवं अर्थिंगचं, ४,२००. पट्टी, पेट्या, स्क्रू १,९००. मजुरी ७,५००. चाचणी आणि टेस्ट रिपोर्ट १,०००. बेरीज ३३,०७०. भार वाढवायची ठेव आणि इतर आकार वेगळे, ते कार्यालयात पावतीवर.

हे आकडा वाचून उठले आणि गोठ्यात जाऊन आले. गावच्या वायरमनचे चार आणि याचे तेहतीस! मी कागद तीन-चारदा वाचला तेव्हा दिसलं, दोघांचं भांडण बोर्डाच्या किमतीवर नव्हतंच. ज्याला आम्ही सगळे 'बोर्ड बदलणं' म्हणत होतो तो खर्चाचा पाचवा हिस्साही नव्हता. चार हजारवाल्यानं डब्याचा भाव सांगितला होता, तेहतीसवाल्यानं डब्यामागच्या घराचा. दुकानदारानं मधलं, सामानाचं, पण कोणत्या घराचं ते न विचारता.

मग काय काय कापता येईल यावर दोन रात्री बैठक झाली. मी ठेकेदारांना फोन करून एकेक ओळ विचारली, आणि हे मी कोणालाही करायला सांगेन, कारण उत्तरातून माणूसही कळतो. आठऐवजी चार एमसीबी? "चालेल, पण मोटरमध्ये काही झालं की फ्रिजही बंद, आणि शोधायला अर्धा दिवस. वाचतील साडेसातशे." लाईटच्या वायरी बदलायच्या का? "नाही, पास झाल्यात, माझाच धंदा कमी होईल पण नाही." एमसीबी थोडी मोठी टाकली तर? सारखी पडणार नाही ना? इथं ते जरा तापले. एमसीबी ही वायरीची राखणदार, यंत्राची नाही. दीडच्या वायरीला दहा, अडीचच्या वायरीला सोळा. सोळाच्या जागी बत्तीस टाकली तर ती पडणार नाही हे खरं, पण तिच्याऐवजी वायर जळेल भिंतीत. आमच्या किटकॅटमधल्या तांब्याच्या पिळाचंच ते नवं रूप. आरसीसीबी काढली तर? थोडा वेळ ते काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "ताई, एमसीबी माणसासाठी पडत नाही. कूलरला हात लागून माणूस चिकटला तर अंगातून जेवढा करंट जातो त्यात दहा अँपियरची एमसीबी हलतसुद्धा नाही. आरसीसीबी फक्त एवढंच मोजते, फेजनं जेवढा गेला तेवढा न्यूट्रलनं परत आला का. तीस मिलीअँपियरचा फरक पडला की सोडते. ते २,१५० काढायचे असतील तर मग काम दुसऱ्याला द्या."

शेवटी एकच ओळ कापली, खड्डा खोदायचे आठशे. तो ह्यांनी आणि दिरानं खोदला, न्हाणीच्या सांडपाण्याच्या नालीपासून हातभर अंतरावर, म्हणजे उन्हाळ्यातही ओल राहील. वर काळी माती, पाच फुटांखाली मुरूम लागला, तिथं सब्बल उडू लागली. आठ फुटांचा खड्डा मे महिन्याच्या उन्हात म्हणजे आठशे रुपये फार थोडे होते, हे त्यांना तिसऱ्या फुटालाच कळलं. पाईप उभा केला, भोवती कोळशाचा थर, मिठाचा थर, परत कोळसा. मीठ मोजूनच टाकायचं, जास्त झालं तर पाईपच खातं. शेवटी ठेकेदारांनी अंगणात दोन खिळे ठोकून यंत्र लावलं, ३.४ ओहम आले. घराला पाचच्या आत चांगलं म्हणतात.

काम दोन दिवस चाललं. ठेकेदारांनी एक शहाणपणा केला, गावच्याच वायरमनला दोन दिवस हाताखाली घेतलं, मजुरीतूनच. त्यामुळे त्याचा रागही गेला आणि घरातली कुठली वायर कुठून जाते हे सांगणारा माणूसही मिळाला. मीटरच्या आधीचं कटआउट लाईनमननं येऊन काढलं. सीलला ठेकेदारांनी बोटही लावलं नाही. जुनी फळी उतरवली तेव्हा मागून पालीची अंडी, एक जुनी पाच पैशांची चौकोनी, आणि एक वायर निघाली जी कुठंच जात नव्हती. दुसरी एक मात्र जात होती. ती गोठ्यात. मागच्या खिडकीतून बाहेर, उघड्यावर, आंब्याच्या फांदीवरून, दोन ठिकाणी नुसती पीळ मारून जोडलेली, शेवटी गोठ्याच्या टिनाला घासत. अंदाजात ती कुठंच नव्हती, कारण मीच दाखवली नव्हती. माझ्या लेखी गोठा घरात धरत नाही. ढोरं बांधलेली असतात तिथं, पाऊस पडला की टीन ओलं. तिची नवी केबल, पाईप, वेगळी एमसीबी: २,९०० वाढले. ह्यात मला घासाघीस करायचं तोंड नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चार वाजता सगळं सुरू झालं. पांढराशुभ्र डबा, प्रत्येक खटक्याखाली माझ्या अक्षरात चिठ्ठी: मोटर, फ्रिज, कूलर सपरी, कूलर मागचा, गोठा. ठेकेदारांनी प्रत्येक सॉकेट तपासलं, प्रत्येक दिवा लावून पाहिला, आरसीसीबीचं टेस्टचं बटण दाबून दाखवलं. 'खट्'. महिन्यातून एकदा हे दाबायचं, म्हणाले. देवघर मात्र राहिलं. आत्याबाई आत बसल्या होत्या, आणि ह्या माणसाच्या पायात रबरी तळाचे जाड बूट, ते काढून परत घालायचे म्हणजे दहा मिनिटं. "तिथं एकच तर बल्ब आहे," मीच म्हटलं.

सात वाजता आत्याबाई उठल्या, हात-पाय धुतले, देवघरात गेल्या आणि स्विच दाबला. खट्. सगळं घर अंधारात.

आरसीसीबी उचलली, परत पडली. ह्यांचा चेहरा मला अंधारातही दिसत होता. वायरमन धावत आला, डबा उघडला, आणि मला हे कबूल केलं पाहिजे की त्याचं बोलणं त्या घटकेला फार गोड वाटलं: "मी म्हटलंच होतं ना वहिनी. पाच मिनिटांत डायरेक्ट करून देतो. तिची फेज इकडून घेतो, पडाचं नावच नाई." उकाडा असा की श्वास घ्यायला जड, लेकरं रडायला लागलेली. एका वायरीचा प्रश्न. मी त्याला थांबवलं आणि ठेकेदारांना फोन लावला.

ते वर्ध्याच्या रस्त्यावर होते. म्हणाले, "सगळ्या एमसीबी पाडा. आरसीसीबी उचला. आता एकेक वर करा, कोणत्या खटक्यावर पडते ते सांगा." मोबाईलच्या उजेडात मी एकेक वर केली. मोटर, नाही. फ्रिज, नाही. दोन्ही कूलर, नाही. गोठा, मागचे लाईट, नाही. 'पुढचे लाईट' वर केलं आणि खट्. "आता त्या खटक्यावरचे सगळे स्विच बंद करा, आणि एकेक दाबा." सपरी, नाही. मधली खोली, नाही. देवघर. खट्.

तिथं एक झिरो बल्ब आहे, लाल. नावाला झिरो, खातो बारा-पंधरा वॅट. दुसऱ्या दिवशी ठेकेदार आले, ह्या वेळी बूट दाराबाहेर काढून, आणि होल्डर उघडला. बल्बच्या दोन वायरींपैकी एक स्विचकडे जात होती, ती फेज. दुसरी न्यूट्रलकडे जायला हवी. ती काळ्या टेपचं गाठोडं होऊन भिंतीतल्या जीआय तारेला पिळलेली होती. जुन्या अर्थिंगच्या तारेला. कधी तरी तिथलं न्यूट्रल तुटलं असणार, आणि कोणी तरी भिंत न फोडता जवळची तार पकडून बल्ब पेटवून दिला असणार. बल्ब लागला, पैसे मिळाले.

ठेकेदार तिथंच देव्हाऱ्यासमोर मांडी घालून बसले आणि हसायला लागले. त्यांचे ४६ व्होल्ट सापडले होते. पंधरा वॅट भागिले २३०, म्हणजे पासष्ट मिलीअँपियर. एवढा करंट रोज सांजेला बल्बमधून अर्थिंगच्या तारेत उतरत होता. पावसाळ्यात माती ओली, तो निमूट जमिनीत जाई. उन्हाळ्यात माती पाईपाला सोडून सरकली की त्याला वाट मिळेना, मग तो तारेवरच तुंबून राही, आणि त्याच तारेला सपरीतल्या कूलरचं अंग बांधलेलं. आत्याबाई दिवाबत्ती करायच्या, आणि मग बाहेर येऊन कूलरला हात लावायच्या. दिवसा स्विच बंद, म्हणून दिवसा ३ व्होल्ट, म्हणून मेगरलाही तो दिसला नाही. आरसीसीबीनं मात्र तीस मिलीअँपियरची हद्द घातलेली, पासष्ट जाताना तिनं पहिल्याच सांजेला पकडला.

मला तेव्हा आठवलं, आत्याबाई दर उन्हाळ्यात म्हणायच्या, देवाचा बल्ब मिणमिण करते, पाऊस पडला का मंग चांगला लागते. आम्ही म्हणायचो व्होल्टेज कमी आहे. सगळ्या गावाचंच कमी असतं.

बंडलातली उरलेली वायर ओढून बल्बला स्वतःचं न्यूट्रल दिलं, जुनी तार दोन्ही टोकांनी कापून टाकली. त्याचे पैसे घेतले नाहीत, देवघर तपासायचं राहिलं ते माझ्याकडून राहिलं, म्हणाले. वायरमन सगळा वेळ शेजारी उभा होता. काही बोलला नाही, पण जाताना डब्याचा फोटो काढून घेतला आणि आरसीसीबीवरचे आकडे मला मोठ्यानं वाचायला लावले.

वहीत ३३,०७० मधून ८०० वजा, २,९०० जमा, एकूण ३५,१७०. तीनशे सांगितल्याप्रमाणे वळते झाले. बियाण्याला हात लावावा लागला नाही, दिराच्या कूलरच्या नव्या ताट्या तेवढ्या पुढच्या वर्षावर गेल्या.

आठ दिवसांनी आत्याबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. कूलरच्या मुंग्या गेल्या होत्या, त्याबद्दल काही नव्हतं. "तो देवाचा बल्ब," म्हणाल्या, "आता लयच झगझग करते वं. डोळ्यात जाते. पहिल्यासारखा मिणमिण करून दे." बुधवारी आर्वीहून अर्ध्या वॅटचा एलईडी आणला, लालच. बेरजेखाली एक ओळ वाढली: देवघर, नाईट बल्ब, ३० रुपये.